चिखल्या घरी कशा बऱ्या करायच्या: पुसण्यापासून ट्यूब थांबवण्यापर्यंत

पावसाळा लागला की पाटण-जावळीच्या भातखाचरांत, वाळवा-शिराळ्याच्या उसात आणि कुपवाड-शिरवळच्या कारखान्यांतल्या सेफ्टी शूजमध्ये एकच तक्रार सुरू होते: पायाच्या बोटांच्या बेचक्यात खाज, भिजून पांढरी पडलेली कातडी आणि वास. दुखणं छोटं, पण पंगतीला बसताना किंवा पाव्हण्यांच्या दारात बूट काढताना माणूस ओशाळतो. त्यामुळे पाय कुणाला दाखवत नाही. मेडिकलातून एखादी ट्यूब आणतो, चार दिवस लावतो, खाज थांबली की ट्यूब फळीवर टाकतो. पंधरवड्यात पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. बहुतेकांच्या चिखल्या वर्षानुवर्षं अशाच फिरतात, कारण बेचकं कधी पुरतं कोरडं होत नाही आणि औषध वेळेआधी थांबतं. या लेखाचा भर त्या दोन गोष्टींवर आहे.

सुरुवातीलाच एक अट. खालची पद्धत एरवी धडधाकट असलेल्या मोठ्या माणसासाठी आहे. साखरेचा आजार असेल, पाय बधिर वाटत असतील, पायाला रक्त कमी पोचतं असं डॉक्टरांनी सांगितलं असेल किंवा हत्तीरोगाची सूज असेल, तर घरी प्रयोग करत बसू नका. अशा पायाला भेग पडलेली कळत नाही, आणि त्याच भेगेतून जंतू आत शिरून पाय गमावण्याची वेळ येऊ शकते.

आधी पाय नीट बघा

दिवसाउजेडी खुर्चीत बसा, बोटं एकेक करून फाकवा आणि प्रत्येक बेचकं तळापर्यंत बघा. वाकता येत नसेल तर घरातल्या कुणालातरी बघायला सांगा किंवा मोबाईलवर फोटो काढा. फोटो पुढेही कामाला येतो: दोन आठवड्यांनी फरक पडला का, हे डोळ्यांपेक्षा फोटो खरं सांगतो.

चिखल्यांची नेहमीची जागा म्हणजे करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट यांच्यामधलं बेचकं. ही दोन बोटं सगळ्यात घट्ट चिकटलेली असतात, तिथं वारा पोचत नाही. कातडी पांढरी, मऊ, सालपटं निघणारी दिसते, खाली लालसर ओली जागा किंवा चीर असते, बूट काढल्यावर खाज जास्त सुटते. बहुतेक वेळा हे काम ट्रायकोफायटॉन रुब्रम किंवा तिच्या जातभाई बुरशीचं असतं. ही बुरशी कातडीच्या वरच्या मेलेल्या थरातलं केराटिन खाऊन जगते.

पण बेचक्यातली प्रत्येक पांढरी कातडी बुरशीची नसते. दिवसभर खाचरात लावणी करून आलेल्या माणसाची सगळीच बेचकी, दोन्ही पायांची, धुणं धुणाऱ्या बाईच्या बोटांसारखी सुरकुतलेली आणि पांढरी असतात. ती पाण्यानं खाल्लेली कातडी. पाय कोरडे ठेवले की दोन-तीन दिवसांत औषधाशिवाय जागेवर येते. बुरशी बहुधा एका पायाला जास्त, एका बेचक्यात जास्त, आणि कडेला भुसा सुटल्यासारखी पसरते.

करंगळीच्या बेचक्यातच कधी कधी मऊ कुरूप होतं. शेजारची दोन हाडं घट्ट बुटात एकमेकांवर घासतात आणि मधली कातडी जाड होते. ते पांढरं आणि ओलं दिसत असल्यानं हमखास चिखली समजलं जातं. खूण सोपी आहे: कुरूप दाबल्यावर टोचतं, खाजत नाही. त्याला बुरशीची ट्यूब महिनाभर लावून काही होत नाही. रुंद पंजाचा बूट आणि बोटांमध्ये घडी केलेल्या गॉजचा तुकडा, एवढं त्याला पुरतं.

हाताच्या बेचक्यांतही खाज आहे, रात्री वाढते आणि घरात आणखी दोघं-तिघं खाजवतायत, तर ती खरूज असू शकते. तिचा उपचार सगळ्या घराचा एकदम करावा लागतो. बेचकं हिरवट दिसतंय, घाण वास मारतंय आणि खाजण्यापेक्षा दुखतंय, तर बुरशीवर जिवाणूंनी घर केलंय असं समजा आणि थेट डॉक्टर गाठा.

काय आणायचं

क्लोट्रिमॅझोल १ टक्का क्रीम, १५ ग्रॅमच्या दोन ट्यूबा. क्लोट्रिमॅझोलचीच डस्टिंग पावडर. गॉजची एक गुंडाळी, किंवा जुन्या सुती धोतराच्या धुऊन उन्हात वाळवलेल्या, दोन बोटं रुंद पट्ट्या. फक्त पायांसाठी वेगळा पातळ टॉवेल. सुती मोज्यांचे निदान चार जोड. कातडी झरत असेल तरच पोटॅशिअम परमँगनेट. जनऔषधी केंद्रात क्लोट्रिमॅझोल मिळालं तर स्वस्त पडतं, गुण तोच.

दोन ट्यूबा का? बोटाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत क्रीमची रेघ काढली की साधारण अर्धा ग्रॅम होतं. दोन्ही पायांची आठही बेचकी आणि आजूबाजूची कातडी एवढ्यात निघते. दिवसातून दोनदा म्हणजे एक ग्रॅम, आणि चार आठवडे म्हणजे २८ ग्रॅम. एकच ट्यूब आणली की ती पंधराव्या दिवशी संपते, तोवर खाज गेलेली असते, आणि दुसरी आणायचा कंटाळा येतो. म्हणून दोन्ही एकदमच आणा.

पहिले तीन दिवस: ओल काढणं

बेचकं कोरडं असेल, नुसती खाज आणि सालपटं असतील, तर हा टप्पा वगळून सरळ क्रीमकडे जा. कातडी लसलशीत असेल, पाणी सुटत असेल, तर आधी हे करा.

बादलीत किंवा प्लॅस्टिकच्या टबात चार लिटर कोमट पाणी घ्या. परमँगनेटचे अगदी थोडे कण, चिमटीत मावतात त्याहूनही कमी, टाकून काठीनं हलवा. रंग फिकट गुलाबी यायला हवा. जांभळा झाला तर पाणी वाढवा. शास्त्रशुद्ध प्रमाण दहा हजाराला एक, म्हणजे चार लिटरला ०.४ ग्रॅम. गोळीच्या रूपात मिळालं तर पाकिटावरचं मिलिग्रॅम बघून हिशोब करता येतो. कण पूर्ण विरघळल्याशिवाय पाय घालायचा नाही. न विरघळलेला एक कण बेचक्यात अडकला तर तेवढी जागा भाजते, आणि मग औषधानं आग झाली म्हणून माणूस सगळंच सोडून देतो.

१० ते १५ मिनिटं पाय बुडवा, दिवसातून एकदा किंवा दोनदा. पाणी तपकिरी झालं की त्यातला दम संपला, दर वेळी ताजं करा. नखं आणि टब तपकिरी होतात, फरशीवर सांडलं तर डाग पडतो. नखांचा रंग काही दिवसांत आपोआप जातो. झरणं थांबलं की हे पाणीही थांबवा. दोन-तीन दिवसांच्या वर चालू ठेवलं तर कातडी इतकी वाळते की नव्या चिरा पडतात. बाटली मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा, आणि ग्लिसरीनच्या शेजारी तर अजिबात नको. ही दोन एकत्र सांडली तर आग लागते.

आता पुसणं. सगळ्या उपचारातलं हे सगळ्यात कंटाळवाणं काम, आणि सगळ्यात मोठा फरक यानंच पडतो. टॉवेल पायावरून रगडला म्हणजे बेचकं पुसलं गेलं असं होत नाही. करंगळी एका हातानं धरून बाहेर ओढा, टॉवेलचं टोक बेचक्याच्या तळाशी टेकवा आणि टिपा. घासू नका. अशी आठही बेचकी. मग टिश्यू पेपरचा कपटा करंगळीच्या बेचक्यात दाबून काढा. कपटा ओलसर निघाला तर अजून पाणी आहे. तो कोरडा निघेपर्यंत टिपा, किंवा पंख्यासमोर बोटं फाकवून पाच मिनिटं बसा.

भिजलेली पांढरी कातडी ओढून काढायचा मोह आवरा. वजरीनं, ब्लेडनं, नखानं खरवडली की खाली उघडी जखम तयार होते. ती कातडी वाळली की आठवडाभरात स्वतःच सुटून पडते.

रात्री झोपताना गॉजची किंवा धोतराची पट्टी बोटांमधून नागमोडी ओवा: अंगठ्यावरून, पुढच्या बोटाखालून, त्याच्या पुढच्यावरून, अशी. बोटं एकमेकांपासून सुटी राहिली की झालं, बांधायची गरज नाही. पट्टी ओली झाली की बदला. कापसाचे बोळे ठेवू नका, त्यांचे धागे ओल्या कातडीला चिकटतात आणि सकाळी काढताना साल निघते.

ट्यूब: किती, कुठे, कधीपर्यंत

सकाळी आंघोळीनंतर आणि रात्री झोपण्याआधी, पाय पूर्ण कोरडे झाल्यावर. एकच बेचकं खराब दिसत असलं तरी सगळ्या बेचक्यांना लावा, आणि दिसणाऱ्या कडेच्या पुढे बोटभर निरोगी कातडीलाही. बुरशी जिथं दिसते त्याच्या पुढे तिची वाढ गेलेली असते. थर देऊ नका. पांढरं क्रीम बेचक्यात साचून राहिलं तर तेही ओलच धरतं. चोळून जिरवा, दहा मिनिटं मोकळं ठेवा, मग मोजे.

पावडर क्रीमवर लगेच टाकली तर लगदा होतो आणि त्याच्या गोळ्या बेचक्यात टोचतात. पावडरीची जागा मोज्यात आणि बुटात: प्रत्येकात अर्धा चमचा, हलवून. ओल्या पायावर पावडर हाही तसाच उद्योग आहे. आधी कोरडं, मग पावडर.

खाज साधारण तीन ते पाच दिवसांत थांबते. पांढरेपणा दहा-पंधरा दिवसांत जातो. क्रीम मात्र पूर्ण चार आठवडे चालू ठेवायचं. त्याला कारण आहे. बुरशी बसलेली असते कातडीच्या मेलेल्या थरात, आणि तो थर खालून नव्यानं भरून यायला साधारण महिना लागतो. पाचव्या दिवशी खाज थांबते तेव्हा बुरशी दबलेली असते, मेलेली नसते. जुना थर पुरता झडेपर्यंत नवी कातडी राखावी लागते, त्यासाठी चार आठवडे. कॅलेंडरवर सुरुवातीची आणि शेवटची तारीख लिहून ठेवा. लक्षात ठेवीन म्हणणारे बहुधा ठेवत नाहीत.

टर्बिनाफिन १ टक्का आणि लुलिकोनॅझोल १ टक्का ही दुसरी दोन नावं मेडिकलात हमखास पुढे येतात. दोन्ही चांगली औषधं आहेत आणि मुदत कमी लागते: बेचक्यातल्या चिखल्यांना टर्बिनाफिन साधारण एक ते दोन आठवडे, लुलिकोनॅझोल दिवसातून एकदा दोन आठवडे. दोन्हींची मिळून खिचडी करू नका. एक निवडा आणि तेच शेवटपर्यंत. नवख्यानं क्लोट्रिमॅझोलपासूनच सुरुवात करावी हे बरं. आपल्या देशात नायट्याची एक बुरशी टर्बिनाफिनला दाद देईनाशी झाली आहे. २०२० मध्ये तिला ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असं नाव पडलं, ते आपल्या देशावरूनच. ती जास्त करून जांघेत आणि अंगावर होते, पण ऊठसूट तेच औषध अर्धवट वापरून तिला आणखी बळ का द्यायचं?

मलम घेताना ते पाण्यात मिसळणारं क्रीम आहे ना, हे बघा. व्हॅसलीनसारखं चिकट मलम टाचेच्या भेगांना उत्तम, ओल्या बेचक्याला वाईट. ते झाकण बसल्यासारखं ओल आत कोंडतं.

"दोन दिवसांत गायब" म्हणणारी ट्यूब

"दादा, चिखल्यांची चांगली ट्यूब द्या." "ही न्या, दोन दिवसांत गायब." एवढ्या संभाषणावर जी ट्यूब हातात पडते ती पुष्कळदा मिश्रणाची असते: एक बुरशीचं औषध, एक-दोन जिवाणूंची आणि जोडीला जोरकस स्टेरॉइड. स्टेरॉइड खाज आणि लाली झटक्यात दाबतं, म्हणून माणूस खूश होतो. पण ते त्या जागेची शरीराची प्रतिकारशक्तीही दाबतं. वरून शांत, आतून बुरशी पसरत राहते. ट्यूब बंद केली की दुप्पट जोरानं उसळते. मग पुन्हा तीच ट्यूब. सहा महिन्यांत कातडी कागदासारखी पातळ, आणि चिखल्या तळव्यावर, पावलावर, जांघेत पोचलेल्या. अशा बिघडलेल्या केसमध्ये त्वचेच्या डॉक्टरांनाही नेहमीचं चित्र दिसत नाही, निदान अवघड होतं.

म्हणून पैसे देण्याआधी ट्यूबवरचं बारीक अक्षर वाचा. बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासॉल, फ्लुओसिनोलोन, यातलं एक जरी नाव असलं तर परत द्या. क्लोट्रिमॅझोल आणि क्लोबेटासॉल यांत गफलत होते, दोन्हींची सुरुवात 'क्लो'नंच. शेवट बघायचा: 'झोल' हवं, 'टासॉल' नको. २०१८ साली केंद्र सरकारनं ही स्टेरॉइड क्रीमं चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा औषधांच्या यादीत घातली. तरी ती मिळतात, हे सगळ्यांनाच ठाऊक आहे.

मोजे, बूट, गमबूट

इथं ढिलाई झाली तर ट्यूबचे चार आठवडे वाया. बुरशी असलेले कातडीचे कण बुटात कित्येक महिने तग धरतात.

मोजे सुती, आणि दुपारी बदलायचे. सुती मोजा घाम शोषतो खरा, पण शोषून ओला राहतो. सकाळचा मोजा संध्याकाळपर्यंत घालणं म्हणजे पायाला ओलं फडकं बांधून हिंडणं. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत पाच मिनिटं बूट काढा, पाय पुसा, दुसरा जोड चढवा. नायलॉनचे मोजे या महिन्यात कपाटातच राहू द्या. मोजे गरम पाण्यात धुवा, सुती असतील तर उकळत्या पाण्यात दहा मिनिटं घाला (रबर थोडं सैल होतं, चालतं). पावसात ऊन नसतं, तेव्हा दोरीवर अर्धवट वाळलेल्या मोज्यांवर गरम इस्त्री फिरवा. वाळतातही आणि बुरशीही मरते.

बूट दोन जोड असतील तर एकाआड एक दिवस. भिजलेला बूट एका रात्रीत आतून वाळत नाही. आतली पट्टी काढून वेगळी ठेवा, बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दोन तासांनी ते बदला, मग पंख्याखाली. चुलीजवळ किंवा गॅसवर तापवू नका, तळ सुटतो. सेफ्टी शूजचा एकच जोड मिळतो त्यांनी निदान आतल्या पट्ट्यांचे दोन जोड करावेत.

गमबूट हा वेगळा विषय. उसाला पाणी पाजायला रात्री दारं धरणाऱ्याला साप-विंचवापासून गमबूट हवाच, तो काढा असं कुणी सांगू नये. पण गमबुटाच्या आत घाम आणि वरून शिरलेलं पाणी, दोन्ही साचतं. मोज्याशिवाय गमबूट घालू नका. घरी आल्यावर आतून साध्या पाण्यानं विसळा आणि गोठ्याच्या कुडाला किंवा जमिनीत रोवलेल्या काठीवर उलटा टांगा. उभा ठेवलेला गमबूट आठवडाभर वाळत नाही.

बाकी वेळ पायताण उघडं हवं. पावसाळ्यात रबरी किंवा प्लॅस्टिकची पट्ट्यांची चप्पल चांगली. चामड्याचं पायताण भिजलं की दिवसभर ओल धरतं, ते दिवाळीपर्यंत जपून ठेवा. अंगठ्याची चप्पल पहिल्या बेचक्यात घासते, तिथं चीर असेल तर काही दिवस नको. लोणंद-फलटणच्या टप्प्यात पालखीबरोबर चालणाऱ्यांनी मुक्कामावर पोचल्यावर पाय दाबून घेण्याआधी बेचकी पुसून घ्यावीत. ओल्या बेचक्यात तेल जिरवलं की रात्रभर कातडी भिजतच राहते.

टॉवेलचंही सांगायला हवं. पाय पुसलेल्या टॉवेलनं जांघ पुसली की बुरशीला वाट मिळते, जांघेतला नायटा पुष्कळदा पायावरूनच आलेला असतो. अंग आधी पुसा, पाय शेवटी, वेगळ्या टॉवेलनं. कपडे चढवताना मोजे आधी, मग चड्डी. उलट क्रमात पावलावरची बुरशी कापडाबरोबर वर जाते. आणि घरातल्या बाकीच्यांचे पाय बघा. एकाचा उपचार आणि दुसऱ्याच्या चिखल्या तशाच, मग बाथरूमच्या फरशीवरून त्या परत येणारच.

मेंदी, हळद, बिब्बा वगैरे

मेंदीत बुरशीला रोखणारं काही नसतं असं म्हणता येणार नाही, पण लगदा म्हणून ती तासन् तास बेचक्यात ओली बसते, आणि रंगामुळे खालची लाली दिसेनाशी होते. लाली पसरतेय की उतरतेय हे न कळणं धोक्याचं. 'काळी मेंदी' तर पायाजवळ आणू नका, तिच्यातल्या रसायनानं फोड उठतात. हळद तेलात कालवून लावली की तेलाची ओल, शिवाय पिवळे मोजे. फायदा विशेष नाही. तुरटीच्या पाण्यानं घाम आटतो, अखंड कातडीला चालेल, चिरेला लागली की झोंबते.

बिब्बा मात्र नको म्हणजे नकोच. काटा मोडला किंवा टाच फुटली की बिब्ब्याचा चटका द्यायची सवय माण-खटावपासून शिराळ्यापर्यंत अजून आहे. बिब्ब्याचं तेल कातडी जाळतं, बेचक्यात फोड येतो, फोड फुटतो आणि साध्या चिखलीची जखम होते. रॉकेल, चुना आणि बॅटरीचं पाणी यांनाही हेच लागू.

चिखल्या नाहीत, नुसता वास

घामाला स्वतःचा वास फारसा नसतो, त्यावर जगणारे जिवाणू वास तयार करतात. तळव्याच्या पुढच्या भागावर किंवा टाचेवर सुई टोचल्यासारखे बारीक खड्डे दिसत असतील, पाय भिजल्यावर ते जास्त उठून दिसत असतील, तर वास तिथून येतोय. हे जिवाणूंचं काम आहे आणि बुरशीच्या ट्यूबनं बरं होईल याची खात्री नाही. बेंझॉइल पेरॉक्साइडच्या साबणानं रोज पाय धुवा, कोरडे करा, मोजे बुटांचे वर सांगितलेले नियम पाळा. (या साबणानं रंगीत टॉवेलाचा रंग उडतो, पांढरा वापरा.) तीन आठवड्यांत फरक नाही पडला तर डॉक्टर लावायचं प्रतिजैविक लिहून देतात, खड्डे भरून येतात. घामच भरपूर सुटतो त्यांना ॲल्युमिनिअम क्लोराइडचं द्रावण मिळतं. ते रात्री, अगदी कोरड्या पायावर. ओल्या पायावर लावलं तर झोंबतं.

पुराचं पाणी

२०१९ आणि २०२१ च्या महापुरांत कृष्णा-वारणाकाठच्या लोकांनी दिवस दिवस पाण्यात काढले. पुराच्या पाण्यात गटार, मेलेली जनावरं, उंदरांचं मूत, सगळं येतं. चिरलेल्या बेचक्यातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू शरीरात शिरू शकतात. अशा पाण्यात जावंच लागलं तर गमबूट, बाहेर आल्यावर साबण आणि स्वच्छ पाणी, मग टिपून कोरडं. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्या ठणकणं किंवा डोळे लाल होणं यातलं काही झालं तर तो फ्लू समजून अंगावर काढू नका. पुराच्या पाण्यातून चालला होतात हे डॉक्टरांना आपणहून सांगा, ते विचारतीलच असं नाही.

केव्हा थांबायचं आणि कुठं जायचं

क्रीम दोन आठवडे नीट लावून काडीचा फरक नसेल, तर ट्यूब बदलत बसू नका. निदान चुकलेलं असू शकतं. पावलावर लाली चढतेय, पाऊल गरम आणि सुजलंय, थंडी वाजून ताप आला, जांघेत अवधाण आलं, तर त्याच दिवशी दवाखाना. बेचक्यातून शिरलेला जिवाणू वर चढतोय याच्या त्या खुणा आहेत. नखं जाड, पिवळी आणि ठिसूळ झाली असतील तरी डॉक्टरच. नखातली बुरशी क्रीमला सहसा हलत नाही, गोळ्या बऱ्याचदा बारा आठवड्यांच्या असतात, आणि नख तसंच ठेवलं तर चिखल्या तिथून पुन्हा पुन्हा पेरल्या जातात. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी कोणतीही गोळी विचारल्याशिवाय घेऊ नये.

जिल्हा रुग्णालयात किंवा मिरजेच्या मेडिकल कॉलेजात त्वचाविभागाची ओपीडी असते. तिथं बेचक्यातला भुसा खरवडून काचपट्टीवर घेतात, त्यावर पोटॅशिअम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे शोधतात. दुखत नाही. बुरशीचं क्रीम चालू असेल तर धागे सापडत नाहीत आणि बुरशी असूनही अहवाल कोरा येतो, म्हणून क्रीम शेवटचं कधी लावलं ते नक्की सांगा. त्या दिवशी पायाला पावडर, मेंदी, नेलपॉलिश काही नको. आणि आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूबा, अर्ध्या संपलेल्या, नाव पुसलेल्या, शेजाऱ्यानं दिलेल्या, पिशवीत घालून न्या. त्यातल्या एखाद्या ट्यूबमध्येच पुष्कळदा कारण सापडतं.